नियम चौथा: मेला तो गप्प

संदेश,

तू गेल्यावर आलेल्या, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवरचा फोटो मला तुझा वाटत नाही. केस तेल लावून चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि चेहरा असा की कुणीतरी हसायचं नाही म्हणून दम दिलाय. पत्रिका हातात आल्यावर मी आधी नाव वाचलं, मग आडनाव, मग पत्ता, मग पुन्हा नाव. अंबरनाथमध्ये संदेश नावाची माणसं काय कमी आहेत? दुसराच कुणीतरी असेल, असं मी दुपारपर्यंत धरून चाललो होतो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस मी. कंपनीत मला मालाच्या तपासणीवर बसवलंय, आणि साहेब म्हणतात की हा माणूस जन्मतःच त्या खुर्चीत बसलेला आहे.

पण तो तूच होतास. आणि एक गोष्ट तुला विचारायची होती, ती राहून गेली. त्या रविवारी तू नुसता खोकत होतास, की मला काही सांगत होतास? विचारायला तीन वर्षं होती. तू अंबरनाथला, मी बदलापूर गावात. मध्ये एका स्टेशनाचं अंतर, तेही मला कापता आलं नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हरेशच्या काकांचा सायबर कॅफे होता. खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनांची घरघर, वर आपण. पेटाऱ्याएवढे मॉनिटर, आणि लोडशेडिंग झालं की इन्व्हर्टरवर चालणारा एकच पंखा, तोही काकांच्या खुर्चीकडे तोंड करून. आपण पाच जण. तू, मी, हरेश, आणि बदलापूरचे ते दोघे भाऊ, ज्यांची खरी नावं कुणी वापरायचंच नाही, मोठा आणि छोटा. टीमला नाव काय द्यायचं यावर तीन दिवस भांडलो आणि शेवटी तिन्ही गावांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली, बी.ए.यू. सलग वाचलं तर 'बाऊ' होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सर्व्हरवर नाव चढल्यावर समोरचे हसायला लागले तेव्हा कळलं. तू म्हणालास, "राहू दे रे. जयेश आहेच आपल्यात, कशाचाही बाऊ करायला."

खेळ बंदुकांचा. पाच विरुद्ध पाच, समोरचे पाच दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या कॅफेत बसलेले. डाव दोन-तीन मिनिटांचा. एकदा मेलं की डाव संपेपर्यंत हात बांधून बसायचं आणि स्क्रीनवर बघत राहायचं. तेव्हा मात्र सगळं दिसायचं. आपले कुठे उभे आहेत, समोरचा कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसलाय, सगळं.

एकदा आपण वाईट हरलो. हरेशने मोठ्याची कॉलर धरली, छोट्याने कीबोर्ड उचलला, काकांनी आपल्या सगळ्यांना जिन्यावरून खाली हाकललं. दुसऱ्या दिवशी तू शंभर पानी वही घेऊन आलास. वर शाळेचं लेबल चिकटवलेलं. नाव: बाऊ. विषय: वागणूक व टीमवर्क. इयत्तेपुढे तू रेघ मारली होतीस.

पहिला नियम, हरल्यावर दहा मिनिटं कुणी कारण सांगायचं नाही, आधी चहा. दुसरा, शिवी द्यायची तर स्वतःला. तिसरा, कुणाच्या घरावर, भाषेवर, आडनावावर जायचं नाही. त्यावर हरेश म्हणाला, "भाषा ठीक है, आडनाव किधर से आया?" तू म्हणालास, "लिहिलंय ना, बस." मला माहीत होतं कुठून आलं ते. आदल्या महिन्यात समोरच्या टीममधल्या कुणीतरी स्क्रीनवर तुझं आडनाव विचारलं होतं, तू लिहिलंस, आणि त्यावर त्याने जे लिहिलं ते तू आणि मी दोघांनी वाचलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी माऊस पुसत बसलो. हे मी कधी तुझ्यापुढे काढलं नाही, तूही काढलं नाहीस.

चौथ्या नियमावर खरं भांडण झालं. 'मेला तो गप्प.' हरेश पेटलाच, आणि पेटला की त्याच्या तोंडी ते सिंधी 'चरिया', म्हणजे येडा, यायचंच.

"अरे चरिया, सब टीम बोलती है! बाजूला बसून बोललं तर कोण बघतंय?"

"म्हणूनच नाही बोलायचं," तू म्हणालास.

"मेल्यावर सगळं दिसतं. दिसतंय तर सांगायला काय जातंय?"

"सगळं दिसतं म्हणूनच गप्प बसायचं, हरेश. मेलेल्यानं सांगायचं आणि जिवंतानं त्याप्रमाणे पळायचं, मग खेळतोय कोण?"

मी तुझ्या बाजूने हात वर केला. सह्या झाल्या. पाचवा नियम होता, कॅप्टनची वही कुणी उघडायची नाही. कारण प्रत्येक मॅचनंतर तू त्यात प्रत्येकासाठी एक ओळ लिहायचास, कोण कुठे चुकला आणि त्यावर उपाय काय. आमची चूक तू आम्हाला कधी चारचौघांत सांगितली नाहीस. कुठल्या तरी आडवळणाने आमच्याकडून ती सुधारून घ्यायचास. छोटा घाई करायचा, तर त्याच्या खुर्चीची चाकं तू काढून ठेवलीस. मला मात्र त्या वहीने छळलं. माझ्याबद्दल काय लिहीत असेल हा? लिहिताना माझ्याकडे बघून मान का हलवतो?

मग तू एमआयडीसीत कामाला लागलास आणि तुला खोकला सुरू झाला. 'पावडरचं काम आहे, घसा धरतो,' एवढंच तू म्हणाला होतास. तू माझ्या उजव्या हाताला बसायचास. एका रविवारी डावात मी एकटा उरलो होतो. बाकी चौघं मेलेले, हात मांडीवर ठेवून बसलेले, नियमाप्रमाणे. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. तू एकदा खोकलास. मी डावीकडे वळलो. समोरचा पाठ करून उभा होता. डाव आपण जिंकलो.

पुढच्या रविवारी तू दोनदा खोकलास आणि मी उजवीकडे वळलो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझी खात्री पटली. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. कधी चुकायचंही, पण तेव्हा मी स्वतःलाच दोष द्यायचो, मोजण्यात गडबड झाली असेल म्हणून.

आज खरं सांगतो, मला फार छान वाटलं होतं. नियम लिहिणारा माणूस फक्त माझ्यासाठी नियम मोडतोय. मोठ्यासाठी नाही, हरेशसाठी नाही, माझ्यासाठी. तेव्हा मला असं कुणी जवळचं नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला बोललो नाही. तुलाही नाही, कारण बोललो तर तू थांबशील अशी भीती होती. सगळे म्हणायला लागले की शेवटी एकट्याने उरावं तर जयेशनेच. हरेशच्या आईने माझ्यासाठी मुद्दाम भाजलेले पापड वर पाठवले. ते मी तुझ्या शेजारी बसून खाल्ले.

आणि मग एका रविवारी तू रुमाल घेऊन आलास. निळ्या चौकड्यांचा, चांगला मोठा. खोकला आला की तू तो तोंडावर दाबायचास. आवाज असा दबून जायचा की एकदा खोकलास की तीनदा, मला कळेना. माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. हा लपवतोय. पण कुणापासून? हरेशला कळलं? की आता मला सांगायचं नाहीये? मी काय बिघडवलं याचं? दोन डाव माझ्यामुळे गेले. तू वहीत काहीतरी लिहिलंस आणि माझ्याकडे बघून हसलास. ते हसू मी घरी नेलं आणि आठवडाभर उलटंपालटं करून बघितलं.

त्याच आठवड्यात तू बदलापूर गावात आमच्या घरी आला होतास. आईने तुला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. जेवताना तुला ठसका लागला आणि थांबेचना. तू गेल्यावर आई म्हणाली, "त्या पोराचा खोकला बरा नाय हां. दवाखान्यान ने त्याला, जयेश." मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, काय पक्का माणूस आहे, इथे जेवतानाही खोकून दाखवतो, म्हणजे तिथल्या खोकल्याचा कुणाला संशय नको. आई एकदा ऐकून जे समजली, ते मला दर रविवारी तुझ्या शेजारी बसून समजलं नाही.

मग ते दुसरं. बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला जो कॅफे होता, तिथल्या टीमशी आपली शेवटची मॅच ठरली होती. जिंकणाऱ्याला पाच हेडफोन आणि भिंतीवर लावायला एक पाटी. मॅचच्या तीन दिवस आधी मी तुला त्या कॅफेच्या दारात बघितलं. त्यांच्या कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होतास. मी रिक्षा स्टँडमागे उभा राहून तू जाईपर्यंत बघत होतो. नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं तर म्हणालास, "आपला चौथा नियम त्यांनीही पाळावा म्हणून सांगायला गेलो होतो. मानला यार, चांगला पोरगा आहे."

शत्रूच्या घरी जाऊन नियम समजावणारा माणूस! मी मान डोलावली, आणि माझ्या मनात तू त्या दिवशीच विकला गेलास.

मॅच रविवारी दुपारी झाली. तुला सगळं आठवत असणार, पण मी किती वेळा ते फिरवून बघितलंय ते तुला माहीत नाही. बरोबरी झाली. शेवटचा डाव. छोटा गेला, हरेश गेला, मोठा गेला, मग तू. समोर एकच उरला होता आणि आपल्याकडून मी. खालची मशिनंसुद्धा बंद होती, रविवार होता. मी त्या दोन वाटांच्या तोंडाशी येऊन थांबलो. खरं तर मला डावीकडे जायचं होतं. डावीकडे पावलांचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण मी थांबलो. तुझी वाट बघत थांबलो.

तू रुमाल दाबून खोकलास. दोनदा.

मी उजवीकडे वळलो आणि डावीकडून गोळी आली.

पहिला नियम दहा मिनिटं गप्प बसण्याचा होता. मी दहा सेकंदही थांबलो नाही. खुर्ची मागे ढकलून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हा खोकून सांगतो! मेल्यावर हा खोकून सांगतो, किती दिवस झाले. आणि आज यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं. बदलापूरवाल्यांना भेटून आलाय हा, मी बघितलंय."

हरेश म्हणाला, "अरे, वो खांस रहा है, चरिया. गाना थोडी गा रहा है."

"भेटला होतास का नाही त्यांना?" मी तुला विचारलं.

"भेटलो होतो," तू म्हणालास.

एवढ्याने झालं. मोठा आणि छोटा तुझ्याकडे बघायला लागले. हरेशसुद्धा बघायला लागला. तू रुमालाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस, आणि म्हणालास, "पण जया, तू..."

आणि थांबलास. ते वाक्य तू पूर्ण केलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस, बाकी तिघांकडे बघितलंस, वही उचललीस आणि जिना उतरून गेलास. 'पण जया, तू...' काय? तू खोटारडा आहेस? तू मूर्ख आहेस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती? तीन वर्षं मी त्या वाक्याच्या पुढे वेगवेगळे शेवट लावून बघितले, आणि प्रत्येकात तूच गुन्हेगार निघायचास. मला तसाच शेवट हवा होता.

तू गेल्यावर टीम महिनाभरही टिकली नाही. नियम म्हणून दाखवायला कुणी नव्हतं. हरेशने परत कॉलर धरली आणि या वेळी माझी.

मध्ये एकदाच भेटलास, एमआयडीसीच्या रिक्षा स्टँडवर. किती वाळला होतास. मला म्हणालास, "ये ना घरी एकदा. तुला काहीतरी दाखवायचंय." माझ्या मनात पहिला विचार आला, याला आता काय हवंय? मी म्हटलं, बघू, पुढच्या रविवारी. तू म्हणालास, "रविवारी मी असतोच." मी आलो नाही.

पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी होती. त्रिसरण-पंचशील झालं, बौद्धाचार्यांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून लोकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. तुझ्या कंपनीतले दोघे बोलले. मग तुझ्या बहिणीने, वंदनाताईंनी माझं नाव घेतलं. यांना माझं नाव कसं माहीत? कुणी सांगितलं? काय सांगितलं? मी उभा राहिलो, म्हणालो की संदेश आमचा कॅप्टन होता, फार शिस्तीचा होता, आणि बसलो. हरेश तिसऱ्या रांगेत होता. तो माझ्याकडे बघत होता.

निघताना ताईंनी ती वही माझ्या हातात दिली. "तुझ्याकडं राहू दे. त्यात तुझं नाव लई वेळा आलंय," म्हणाल्या. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. काही सापडलं नाही. रडून सुजलेल्या चेहऱ्यात आणखी काय सापडणार होतं?

वही मी घरी येऊन उघडली. पाचवा नियम मोडून. पानोपान आपल्या मॅचेस. 'छोटा: घाई. खुर्चीची चाकं काढणे.' 'हरेश: हरला की आईची आठवण करून देणे, शांत होतो.' 'मोठा: चष्मा लागलाय, मान्य करत नाही. पुढे बसवणे.' आणि शेवटच्या मॅचच्या बऱ्याच आधीच्या एका पानावर:

'जयेश: माझ्या खोकल्यावर वळतो. रुमाल आणणे.'

मी काय केलं असेल ते तूच ओळखशील. मी वही दिव्याखाली धरून शाई तपासली. नंतर घुसवलेली ओळ आहे का बघितलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, वरच्या आणि खालच्या ओळीतलं अंतर बोटाने मोजलं. नाही. तीच शाई, तेच गचाळ अक्षर, वर छोट्याची खुर्ची आणि खाली मोठ्याचा चष्मा. त्याच्या पुढच्या पानावर: 'जयेश: रुमालानेही थांबत नाही. श्वास धरून बघतो.' आणि शेवटच्या मॅचच्या पानावर बाकी तिघांच्या ओळी होत्या. माझ्या नावापुढे तू काहीच लिहिलं नव्हतंस.

तू श्वास धरून बसायचास, संदेश. खोकला छातीत दाबून. मी चुकू नये म्हणून.

'पण जया, तू वळलास कशाला?' असंच होतं ना ते वाक्य? ते पूर्ण केलं असतंस तर सगळ्यांना कळलं असतं की मेलेल्याचं ऐकून खेळणारा मीच होतो, कित्येक रविवार, आणि पापड खाऊन वर मिरवत होतो. जिंकत होतो तोवर मला तुझी चोरी गोड लागली. हरलो तेव्हा मी तुला चोर ठरवलं. चोरी तर झालीच नव्हती. झाली असेल तर ती माझी होती. तुला फक्त खोकला झाला होता, आणि मी त्याचा बाऊ केला. मला फार लाज वाटते. तुझ्या रिक्षा स्टँडवरच्या चेहऱ्याची आठवण आली की अजून जास्त वाटते.

वही मिटल्यावरही मी विचार करत होतो की हे सगळं गिळून टाकता येईल. पान मला एकट्याला माहीत आहे. तू तर तुझाच चौथा नियम पाळतोयस, तुझ्याकडून काही बाहेर पडणार नाही. मग मी वहीचं पहिलं पान पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, तपासणीच्या सवयीने. मेला तो गप्प. जिवंत माणसाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. खाली पाच सह्या होत्या आणि माझी सगळ्यांत मोठी होती.

मी हरेशला फोन लावला. त्याने हॅलो म्हणायच्या आधीच म्हणालो, "खोकत तो होता, हरेश. वळत होतो मी."



तो म्हणाला, "उसको बोला था ये कभी?"

"नाही."

"तो पहले उसको बोल."

सांगितलं, संदेश.